रामशेजचा वेढा मैदानावर उभा करताना

नाशिकच्या उत्तरेला, पेठ रस्त्यापासून थोडे आत, दिंडोरी तालुक्यातील आशेवाडीच्या माथ्यावर रामशेज उभा आहे. सह्याद्रीतील दुर्गम किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला तो पहिल्या भेटीत फारसा दिपवत नाही. उंची बेताची, भोवती जंगल नाही, आणि चढही दमछाक करणारा नाही. तरीही १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी स्वराज्याच्या उत्तर सरहद्दीवरील या किल्ल्याला घातलेला वेढा वर्षानुवर्षे चालला. आधी शहाबुद्दीन खान, म्हणजे पुढे फिरोजजंग म्हणून ओळखला गेलेला सरदार, आणि त्याच्यानंतर खानजहान बहादूर कोकलताश, असे मोगलांचे दोन मातब्बर सेनानी या टेकडीवजा किल्ल्याखालून हात हलवत परत गेले. हा वेढा लोकांसमोर प्रत्यक्ष खेळून दाखवावा असे नाशिक परिसरातील अनेक दुर्गप्रेमी गटांना, व्यायामशाळांना आणि गणेश मंडळांना वाटत असते. आमच्या गटाने तो तीन हिवाळ्यांत तीन वेळा केला. त्यातून जे हाती लागले ते क्रमाने पुढे देत आहे.

पहिला निर्णय जागेचा असतो, आणि तो सर्वांत अवघडही असतो, कारण प्रत्येकाच्या मनात प्रयोग खऱ्या किल्ल्यावरच व्हावा असे असते. तो मोह आवरावा. खऱ्या किल्ल्याच्या कातळात खिळा ठोकता येत नाही, तटावर परांची बांधता येत नाही, अरुंद पायऱ्यांवरून हजारभर प्रेक्षक वर नेता येत नाहीत आणि काही झाले तर रुग्णवाहिका वर येत नाही. एखादा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते, हा कायद्याचा भाग वेगळाच. म्हणून किल्ला मैदानावर नव्याने उभारावा. खऱ्या रामशेजवर मात्र सगळ्या चमूने तालमी सुरू होण्यापूर्वी किमान दोनदा जाऊन यावे, एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळ उतरताना. खाली सपाटीवर उभे राहून वर पाहिले की हल्लेखोराला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते हे कळते, आणि तटबंदी किती उंच बांधायची या वादावर तोच उतारा असतो.

काय दाखवायचे

वेढ्याचा खरा अनुभव कंटाळ्याचा असतो. महिनोन् महिने दोन्ही बाजू एकमेकांकडे बघत बसतात, धान्य मोजतात, पावसात भिजतात आणि आजारी पडतात. हे चाळीस मिनिटांत दाखवता येत नाही, पण ते पूर्ण गाळून नुसती तलवारबाजी केली तर वेढ्याची चकमक होते. आम्ही पहिल्या वर्षी सात लढाया बसवल्या होत्या आणि चौथ्या लढाईला प्रेक्षक भेळ घ्यायला उठले. दुसऱ्या वर्षी लढाया तीनवर आणल्या आणि मधल्या काळात तटावर फक्त एक पहारेकरी ठेवला, जो थंडीत घोंगडी लपेटून फेऱ्या मारतो आणि खाली मोगलांच्या छावणीत नमाज, स्वयंपाक, घोड्यांचा खरारा असे साधे व्यवहार चालू असतात. ती दोन मिनिटे लोक चूप बसून बघत होते.

प्रसंग निवडताना खाफीखानाचा आधार घ्यावा, कारण तो मोगलांच्या बाजूचा इतिहासकार असूनही रामशेजच्या किल्लेदाराचे कौतुक करतो. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकूड पोखरून आणि त्याला कातडे मढवून तोफा तयार केल्या, असे तो सांगतो. मोगलांनी तटाच्या उंचीला भिडेल असा लाकडी दमदमा, म्हणजे किल्ल्यावर मारा करण्यासाठीचा बुरूज, उभारला होता, हेही त्याच्याच लिखाणात आहे. खानजहान बहादुराने एका मांत्रिकाच्या सांगण्यावरून सोन्याचा नाग पुढे धरून फौज चढवली आणि किल्ल्यावरून आलेल्या गोफणीच्या धोंड्याने मांत्रिक खाली पडला, ही त्याचीच गोष्ट. हे तीन प्रसंग आणि त्यांच्या भोवती एक रात्रीचा छापा एवढे पुरे आहे. किल्लेदाराचे नाव खाफीखान देत नाही. लोकपरंपरेत नाव सांगितले जाते, पण संहितेत त्याला ‘किल्लेदार’ एवढेच म्हणावे. या निनावीपणाने प्रयोगाला बळच येते. किल्ला अखेर लढून गेला नाही, फितुरीने गेला, हे निवेदनात सांगावे. ते सांगितले की उत्साह ओसरतो अशी तक्रार आमच्यातही होती, पण पुढच्या वर्षी एका शाळकरी मुलाने ‘मग शेवटी काय झाले?’ असे विचारल्यावर ती बंद पडली.

एक गोष्ट पहिल्या बैठकीतच ठरवून टाकावी. हा धर्माचा सामना म्हणून मांडायचा नाही. औरंगजेबाच्या दख्खनच्या फौजेत राजपूत होते, बुंदेले होते, मराठे सरदारही होते, आणि छावणीच्या दृश्यात ते दिसले पाहिजेत. मोगल सैनिक विदूषकासारखे धडपडताना दाखवले की त्यांच्यासमोर टिकून राहिलेल्या शिबंदीचे, म्हणजे किल्ल्यावरच्या सैनिकांचे, मोलही आपोआप घसरते.

तट, बुरूज आणि फांजी

किल्ला बांधायचे काम गणेशोत्सवात देखावे करणाऱ्या मंडपवाल्याकडे द्यावे, मात्र आराखडा आपला असावा. मंडपवाल्याला दर्शनी भिंत उत्तम जमते. पण त्या भिंतीवर तीस माणसे धावणार आहेत हे त्याला वारंवार सांगावे लागते. सांगाडा निलगिरीच्या बल्ल्यांचा किंवा सेंट्रिंगच्या लोखंडी पाइपांचा असावा. बांबू फक्त दर्शनी भागाला वापरावा. मागे जी चालण्याची जागा असते, म्हणजे फांजी, तिचा हिशोब स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावा. लोक उभे राहून हालचाल करणार असतील अशा जागेला दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरण्याची पद्धत आहे, आणि उड्या मारणारे मावळे हे त्यात बसवायला सोपे गिऱ्हाईक नव्हे. फांजीची रुंदी किमान पाच फूट ठेवावी, म्हणजे एक माणूस वार करत असताना दुसरा त्याच्या मागून जाऊ शकतो. आतल्या बाजूला, जी प्रेक्षकांना दिसत नाही, कमरेच्या वर येईल असा कठडा हवाच. लोक पुढच्या बाजूची काळजी घेतात आणि मागे पडतात.

तटाची उंची बारा फुटांवर नेऊ नये. आपल्याला वाटते की किल्ला उंच दिसला पाहिजे. पण उंची दाखवण्याचा खरा मार्ग म्हणजे मैदानात नैसर्गिक चढ शोधून त्याच्या माथ्यावर तट बांधणे. दहा फुटांचा चढ आणि बारा फुटांचा तट मिळून खालून बघणाऱ्याला पुरेसा धाक वाटतो, आणि हल्लेखोराला धावत चढावे लागल्याने त्याचा दम खरा लागतो, अभिनय करावा लागत नाही. चढावरची ठिसूळ माती, दगड आणि काटे आधी काढून टाकावेत, कारण मेलेले सैनिक तिथेच पडणार असतात.

तटाला चर्या आणि जंग्या हव्यात. चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावरील ते पाकळीसारखे उंचवटे, ज्यांच्या आड शिपाई दडतो. जंगी म्हणजे बंदुकीचा मारा करायची भोके. जंग्या आतून रुंद, बाहेरून अरुंद आणि खाली झुकलेल्या असतात, कारण शत्रू उताराखाली असतो. मंडपवाले त्या सरळ चौकोनी कापतात आणि मग भिंत एखाद्या गोदामासारखी दिसते. दरवाजा तटाच्या सरळ रेषेत न ठेवता दोन बुरुजांच्या बगलेत, वळणाच्या आड दडवावा. गोमुखी रचना मराठा दुर्गांची ओळख आहे, आणि ती प्रेक्षकांना समजावून सांगायला एक वाक्य पुरते: हत्तीला धडक देण्यासाठी धाव घ्यायला जागाच मिळत नाही.

दर्शनी भागाला थर्माकोल वापरू नये. तो स्वस्त आणि हलका असतो हे खरे, पण पेटला की थेंब थेंब वितळून खाली पडतो. गोणपाट ताणून त्यावर माती, शेण आणि चुना यांचा पातळ काला दोन हातांनी लिंपावा, आणि वाळल्यावर काव, काजळी आणि थोडी पिवळी माती यांच्या पाण्याने दगडांचे सांधे काढावेत. आपला दगड काळा असला तरी भर उन्हात तो काळा दिसत नाही. तो करडा आणि तांबूस दिसतो आणि त्यावर शेवाळाचे पांढुरके डाग असतात. सरसकट काळा रंग मारलेला किल्ला फोटोत दिवाळीच्या किल्ल्यासारखा येतो. दिवाळीचे किल्ले कमी प्रतीचे असतात असे माझे म्हणणे नाही. आमच्या गटातील उत्तम कारागीर अंगणात किल्ले करूनच तयार झाले, आणि हळिवाने तटाखालचे गवत उगवायची युक्ती त्यांनीच आणली.

पहिल्या वर्षी एक चूक झाली, ती इथे नोंदवतो. आमची रंगीत तालीम जानेवारीत सकाळी साडेसहाला होती आणि रात्रभरच्या दवाने फांजीच्या फळ्या ओल्या झाल्या होत्या. भालाईताचा पाय घसरला आणि तो मागच्या कठड्याला जाऊन आदळला. कठडा टिकला म्हणून निभावले, मनगट मात्र मोडले. त्यानंतर आम्ही सगळ्या फळ्यांवर गोणपाट ताणून खिळले, खिळ्यांची डोकी ठोकून आत घातली आणि प्रयोगाच्या आधी अर्धा तास एक माणूस अनवाणी फांजीवरून चालवायला सुरुवात केली. अनवाणी पायाला जे कळते ते डोळ्यांना कळत नाही.

लाकडी तोफ

या प्रयोगाचा जीव लाकडी तोफेत आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवावा. लाकडाच्या वखारीतून आंब्याचा पाच फूट लांब आणि फूटभर जाड ओंडका घ्यावा. बाभूळ अधिक मजबूत असते, पण ती पोखरायला वेळ लागतो आणि आपल्याला तोफ प्रत्यक्ष डागायची नाही. ओंडका उभा चिरून दोन फाका कराव्यात, दोन्ही फाकांना वाकसाने आणि पटाशीने आतून अर्धगोल खोबण काढावी आणि पुन्हा जोडून काथ्याने घट्ट आवळावे. मग ढोलांना पान चढवणाऱ्या कारागिराकडून म्हशीचे ओले कातडे पट्ट्या कापून आणावे आणि तोंडापासून बुडापर्यंत एकावर एक चढते गुंडाळावे. ओले कातडे वाळताना आकसते, आणि ते आकसताना दोन फाका अशा काही आवळल्या जातात की चार दिवसांनी सांध्यात पोस्टकार्ड जात नाही. हे सावलीत वाळवावे. आम्ही पहिली तोफ घाईने उन्हात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या एका बाजूने सुरळी होऊन उठल्या. वास मात्र दोन्ही वेळा सारखाच येतो, त्यामुळे ती कोणाच्या घराच्या गच्चीवर वाळवू नये.

ही तोफ प्रयोगाआधी प्रेक्षकांच्या हाताला लागेल अशी ठेवावी. कातड्यावरून हात फिरवलेला माणूस पुढे धूर निघतो तेव्हा वेगळ्या नजरेने बघतो.

दारू वापरू नये, हे कितीही वेळा सांगावे लागले तरी सांगावे. घरी काळी दारू कुटणे हा स्फोटक अधिनियम १८८४ खाली गुन्हा आहे, आणि लाकडी नळीत ती पेटवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. लाकूड फुटते तेव्हा चिरफळ्या उडतात. तोफेच्या बुडातून एक रबरी नळी आत सोडावी, तिचे दुसरे टोक टायर पंक्चरवाल्याकडे असतो तसल्या कॉम्प्रेसरला जोडावे आणि तोफेच्या तोंडाशी वाटीभर शंखजिऱ्याची पूड ठेवून हवेचा झोत सोडावा. तोफेचे तोंड उघडे असल्याने आत दाब साठत नाही. दाबाखालच्या हवेसाठी पीव्हीसीचा पाइप कधीही वापरू नये, कारण तो तडकून फुटतो. पुडीच्या जागी गव्हाचे पीठ, हळद किंवा लाकडाचा भुसा वापरण्याची कल्पना कोणीतरी हमखास मांडतो. असली बारीक पूड हवेत पसरून ठिणगी मिळाली की भडका घेते, म्हणून ती कल्पना तिथेच मोडून काढावी. पूड उडवणाऱ्याने नाकातोंडाला फडके बांधावे. मावळ्याच्या वेशाला ते शोभूनही दिसते.

आवाज ध्वनिक्षेपकावरून द्यावा, पण ध्वनिक्षेपक प्रेक्षकांशेजारी न ठेवता तटामागे, तोफेजवळ ठेवावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. प्रेक्षक सत्तर मीटरवर असले तर धूर दिसल्यावर सेकंदाच्या पाचव्या भागाने दणका येतो, आणि एवढ्याशा उशिराने तो खरा वाटतो. कानाशी ठेवलेल्या ध्वनिक्षेपकातून धुराच्या आधी आवाज आला की सगळे नाटकी होते. लष्कराच्या तोफखान्याचे केंद्र असलेल्या देवळाली कॅम्पाकडे राहणाऱ्यांना तोफेचा दणका कानाआधी छातीत कसा येतो हे सांगावे लागत नाही, आणि नाशिकचा प्रेक्षक या बाबतीत फसत नाही.

वाद्यांबद्दल एक मत आहे, ते पटले तर घ्यावे. ‘नाशिक ढोल’ ही आपली शान आहे आणि पथके फुकट यायला तयार असतात. तरी लढाईत तो वाजवू नये. सतराव्या शतकाच्या छावणीला नगारा, शिंग आणि कर्णा एवढे पुरते. ढोल पथकाला प्रयोग संपल्यावर मैदान मोकळे द्यावे. तेही खूश, आपणही.

शस्त्रे, वेश आणि वार

तलवारीच्या पात्याची धार किमान दोन मिलिमीटर बोथट आणि टोक नाण्याच्या कडेसारखे गोल असावे. ॲल्युमिनियमची पाती हलकी म्हणून आवडतात, पण दोन वारांनंतर त्यांना करवतीसारखे दाते पडतात, त्यामुळे प्रत्येक तालमीनंतर कानस फिरवावी लागते. मुठी करायच्याच असतील तर मुल्हेरी मूठ करून बघावी. बागलाणातील मुल्हेरचे नाव लावणारी ही मूठ आपल्या जिल्ह्याची आहे आणि प्रेक्षकांना दाखवायला अभिमानाची वस्तू आहे. बंदुका तोडेदार असाव्यात, म्हणजे वातीने पेटणाऱ्या. टोपीच्या बंदुका सुमारे दीडशे वर्षे पुढच्या आहेत.

वेशात सर्वांत जास्त चुका डोक्यावर होतात. पेशवाई पगडी १६८२ मध्ये रामशेजवर नव्हती. मुंडासे, बंडी, गुडघ्यापर्यंतचा चोळणा, कमरेला शेला आणि खांद्यावर घोंगडी हे बहुतेकांना पुरते, आणि सगळ्यांचे मुंडासे एकाच भगव्या ताग्यातून फाडू नये. शिबंदीला गणवेश नसतो. मोगल बाजूला जामा आणि पटका, आणि दोनचार सरदारांना चिलखत द्यावे. कपडा सुती हवा. मशालींच्या जवळ पॉलिएस्टर अंगाला चिकटते.

वार बसवताना लाठीकाठी आणि मर्दानी खेळाचा उस्ताद घ्यावा, पण त्याला आधीच सांगावे की आपल्याला वेग नको, वाचता येणारा वार हवा. सत्तर मीटरवरून तलवारीचे पाते दिसत नाही, खांदा दिसतो. म्हणून वार खांद्यापासून मोठा घ्यावा, पाते समोरच्याच्या शरीराच्या रेषेबाहेर उतरवावे आणि खांद्याच्या वर कधीही नेऊ नये. दोघांमधील अंतर हात लांबवून अधिक एक वीत असावे. एका जोडीला आठ वारांपेक्षा जास्त वार देऊ नयेत. आठ वार झोपेतही आठवतात, बाराव्याला माणूस गोंधळतो. ‘थांब’ हा शब्द संहितेत कुठेही नसावा, कारण तो खऱ्या अपघातासाठी राखून ठेवलेला असतो: कोणीही तो उच्चारला की सगळ्यांनी शस्त्र जमिनीला लावून स्थिर उभे राहायचे.

तटावरून लोटायचे धोंडे चिंध्यांनी भरलेल्या गोणपाटाचे असावेत. आमचे पहिले धोंडे कागदाच्या लगद्याचे होते, दिसायला अस्सल, पण उतारावर पडताच ते चेंडूसारखे उसळले आणि हजार माणसे हसली. चिंध्यांचा धोंडा थप्पकन बसतो आणि अनिच्छेने घरंगळतो. गोफणीत कापडी गोळाच घालावा, आणि मांत्रिक पडतो तो गोळा लागल्यामुळे नव्हे तर निवेदकाच्या ठरलेल्या शब्दावर पडतो हे त्याला पक्के सांगावे. आमचा मांत्रिक एकदा गोळ्याची वाट बघत नाग उंच धरून अर्धा मिनिट उभा राहिला होता.

घोड्यांचा मोह फार असतो. प्राण्यांचे सार्वजनिक प्रदर्शन करायचे तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणीकृत प्राणीच वापरता येतात, आणि नगाऱ्याला बिथरलेला एक घोडा सगळ्या तयारीवर पाणी फिरवतो. आम्ही घोडे ठेवले नाहीत. तटामागून टापांचा आवाज आणि छावणीत दोरीला बांधलेल्या रिकाम्या खोगिरांची रांग यांवर काम भागले.

परवानग्या

मैदान शहर हद्दीत असेल तर पोलीस आयुक्तालय आणि महापालिका, दिंडोरी किंवा निफाडच्या बाजूला असेल तर ग्रामीण पोलीस, तहसीलदार आणि ग्रामपंचायत, असा रस्ता असतो. किमान दीड महिना आधी सुरुवात करावी. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे नियंत्रणाखाली येतात, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तर तलवारी, भाले, लाठ्या बाळगण्यावरही बंदी असते. आपली पाती बोथट आहेत हे कागदावर सांगून भागत नाही, म्हणून सर्व शस्त्रांची छायाचित्रांसह यादी करून एक नमुना सोबत न्यावा, शस्त्रे एकाच टेंपोतून कुलूपबंद पेटीत आणावीत आणि वेश घातलेल्या कोणालाही तलवार घेऊन चहाला बाहेर जाऊ देऊ नये. हा शेवटचा नियम एकदा मोडला गेला आणि अर्धा दिवस चौकीत गेला.

संवाद असलेल्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात मैदान नको. अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, १०८ ला पूर्वकल्पना, आणि ड्रोन उडवायचा असेल तर हवाई नकाशावर आपली जागा तपासणे आवश्यक आहे. एका बाजूला ओझरचा विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला देवळालीचा लष्करी भाग असल्याने नाशिकमध्ये ही तपासणी औपचारिकता नसते.

प्रेक्षक

प्रेक्षकांना पश्चिमेकडे बसवून तट पूर्वेला ठेवावा. प्रयोग सूर्य मावळण्याच्या थोडा आधी सुरू केला की मावळतीचे ऊन तटावर पडते, लोकांच्या डोळ्यांत जात नाही, आणि शेवटी रात्रीचा छापा अंधार पडताना घेता येतो. पहिली रांग लढाईच्या सीमेपासून किमान पंधरा मीटर मागे असावी आणि मध्ये दुहेरी बांबूचे कुंपण असावे. दोन कुंपणांमधील पट्ट्यात फक्त स्वयंसेवक आणि प्रथमोपचाराची माणसे फिरतात. उभे राहणाऱ्यांसाठी दर चौरस मीटरला चारपेक्षा जास्त माणसे धरू नयेत.

बाहेर पडण्याच्या वाटा रुंद, सपाट आणि आत येण्याच्या वाटेपासून वेगळ्या हव्यात. २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत; अरुंद आणि उताराच्या वाटेवर गर्दी दाटली की काय होते हे आपल्याला दुसऱ्या कोणाकडून शिकायची गरज नाही. प्रयोग संपताच सगळे तोफेकडे आणि किल्लेदाराकडे धावतात, हा अनुभव प्रत्येक वर्षीचा. म्हणून शेवटचे दृश्य झाल्यावर कलाकारांनीच कुंपणापाशी यावे, प्रेक्षकांना तटाकडे सोडू नये. फांजीवर प्रेक्षकांना नेणे पूर्णपणे टाळावे. नगरसेवकांच्या कुटुंबीयांनाही.

दमदमा पेटवून द्यावा असे प्रत्येकाला वाटते, आणि रात्री तो दिसेलही सुंदर. माघ-फाल्गुनात आजूबाजूचे गवत वाळून कडक झालेले असते आणि शेजारी द्राक्षाचे मांडव असतात. आम्ही दमदम्याच्या आत तांबडे दिवे आणि नाट्यगृहात वापरतात ते धुराचे यंत्र ठेवतो. वाऱ्याची दिशा चार संध्याकाळी झेंडा लावून बघितली तर धूर लोकांच्या तोंडावर येत नाही.

उतरवणे

किल्ला दोन दिवसांत उतरतो. बल्ल्या आणि पाइप मंडपवाल्याचे, गोणपाट पुढच्या वर्षीसाठी घडी घालून, मातीचा काला जागेवरच जिरतो. तोफ कोरड्या खोलीत, कातड्याला एरंडेल चोळून, जमिनीपासून उचलून ठेवावी, नाहीतर उंदीर पावसाळ्यात तिचे काम करतात. मैदान शेतकऱ्याचे असेल तर शेवटचे काम खिळ्यांचे. लांब दांडीला जुन्या ध्वनिक्षेपकाचे दोन लोहचुंबक बांधून सगळी जागा आडवी आणि उभी अशी दोनदा फिरावी. गेल्या वर्षी पहिल्या फेरीत घमेलेभर खिळे निघाले आणि दुसऱ्या फेरीत, सगळे संपले असे वाटत असताना, आणखी ओंजळभर. शेतकरी बांधावर बसून बघत होता. ओंजळ त्याने हातात घेऊन मोजली, आणि पुढच्या हिवाळ्यासाठी जागा द्यायला तयार आहे असे सांगितले, फक्त ट्रॅक्टर घालण्याआधी तिसरी फेरी मारून द्या म्हणाला.